जिट कोडचं प्रोफाइलिंग: तुमचा प्रोफायलर खरं बोलतोय का हे तपासायचं कसं

प्रोफायलर म्हणजे प्रोग्रामचा वेळ कुठल्या फंक्शनमधे जातो ते सांगणारं टूल, आणि जिट म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच त्याचा मशीन कोड तयार करणारा कंपायलर. प्रोफायलरच्या रिपोर्टमधे फंक्शनची नावं दिसली की बहुतेक लोक खूश होतात, "जिट सपोर्ट चालतोय" म्हणून टिक मारतात आणि पुढं जातात. पण नाव दिसणं वेगळं आणि बरोबर नाव बरोबर वेळेला बरोबर टक्क्यानं दिसणं वेगळं. चुकीचं नाव दाखवणारा प्रोफायलर हा नाव न दाखवणाऱ्यापेक्षा जास्त घात करतो, कारण नाव नसलं तर निदान तुम्ही शोधायला तरी लागता, चुकीचं असलं तर दोन दिवस भलत्याच फंक्शनवर घालवता. म्हणून हा लेख. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच पोरं आता घरात बसून बेंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांचं बॅकएंड सांभाळतात, कॉलेजची पोरं प्रोजेक्टला नोड आणि पायथन घेतात, आणि "पर्फमधे नुसते आकडे दिसूलेत, नावं कुठायत?" हा प्रश्न ग्रुपवर सारखा येतो. त्याचं उत्तर दोन ओळीत देता येत नाही.

कमांड इथं उच्चारात लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाकायच्या. उदाहरणं लिनक्सवरच्या पर्फ या प्रोफायलरची आहेत, जो २००९ पासून कर्नलसोबतच येतोय, पण तपासायची पद्धत कुठल्याही सॅम्पलिंग प्रोफायलरला लागू पडते, तुम्ही स्वतः लिहिलेल्यालासुद्धा.

आधी अडचण काय आहे ती समजून घ्या

सॅम्पलिंग प्रोफायलर सेकंदाला ठराविक वेळा सीपीयूला थांबवून विचारतो, आत्ता कुठल्या पत्त्यावर आहेस? मिळालेला पत्ता कुठल्या फाइलमधला आहे ते बघतो आणि त्या फाइलच्या सिम्बॉल टेबलमधनं (कुठल्या पत्त्यावर कुठलं फंक्शन याच्या यादीतनं) नाव काढतो. सी किंवा रस्टच्या प्रोग्रामला हे पुरतं. जिट कंपायलर मात्र चालू प्रोग्राममधेच मशीन कोड तयार करून तो अशा मेमरीत टाकतो जिच्यामागं फाइलच नसते. प्रोफायलरला पत्ता मिळतो पण विचारायचं कुणाला ते कळत नाही. मग रनटाइमनंच, म्हणजे तुमचा प्रोग्राम चालवणाऱ्या नोड, जावासारख्या सॉफ्टवेअरनंच, त्याला सांगावं लागतं, आणि ते सांगायचे दोन रस्ते आहेत.

पहिला मॅप फाइल. रनटाइम टीएमपी फोल्डरमधे पर्फ-पीआयडी डॉट मॅप नावाची (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर) साधी टेक्स्ट फाइल लिहितो, दर ओळीत सुरवातीचा पत्ता, साइज आणि नाव, बस. दुसरा जिटडंप. ही बायनरी फाइल असते, तिच्यात नावासोबत प्रत्यक्ष मशीन कोड आणि टाइमस्टॅम्पही असतो. हा सपोर्ट पर्फमधे कर्नल ४.६ सोबत, म्हणजे २०१६ साली आला. दोन्हीतला खरा फरक एकच आहे, मॅपला वेळ कळत नाही आणि जिटडंपला कळते. पुढच्या निम्म्या टेस्ट याच फरकावर उभ्या आहेत.

तयारी

पर्फ-इव्हेंट-पॅरानॉइड ही कर्नल सेटिंग आधी बघा. ती २ असेल तर स्वतःच्या प्रोसेसचा यूजर-स्पेस भाग रूट न होता प्रोफाइल करता येतो, आणि जिटसाठी तेवढं पुरतं. काही डिस्ट्रो त्याहून कडक आकडा ठेवतात, मग परवानगी नाही म्हणून एरर येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. व्हर्च्युअल मशीनवर असाल तर हार्डवेअर काउंटर बहुतेक वेळा मिळत नाहीत, तेव्हा सायकल्सऐवजी सीपीयू-क्लॉक इव्हेंट वापरा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच मोजा. आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येऊन स्पीड उतरवतो आणि मग कालच्या रनशी आजचा रन जुळत नाही, त्यात प्रोफायलरचा काही दोष नसतो.

सॅम्पलिंग सेकंदाला ९९७ ठेवा, १००० नको. गोल आकडा घेतला तर प्रोग्रामच्या स्वतःच्या टायमरबरोबर ताल जुळतो आणि दर वेळी तीच जागा सापडत राहते.

उत्तर आधीच माहीत असलेला प्रोग्राम

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. खऱ्या ॲप्लिकेशनवर प्रोफायलर तपासायचा नाही, कारण खरं उत्तर काय ते तुम्हाला तिथं माहीतच नसतं. एक छोटा जावास्क्रिप्ट प्रोग्राम लिहा, त्यात दोन फंक्शन, समजा निपाणी आणि खानापूर. दोन्हीत आकडेमोडीचं तेच लूप, निपाणीत फेऱ्या तिप्पट. बाहेर एक तिसरं फंक्शन या दोघांना आळीपाळीनं वीसेक सेकंद बोलावत राहतं. म्हणजे अपेक्षित उत्तर ७५ टक्के आणि २५ टक्के.

पण थांबा, फेऱ्या तिप्पट म्हणजे वेळ तिप्पट असं जिटमधे गृहीत धरायचं नाही. सुरवातीला फंक्शन इंटरप्रिटरमधे चालतं, मग बेसलाइन, मग ऑप्टिमाइझ्ड, आणि दोन्ही फंक्शनं ही पायरी एकाच वेळी चढतीलच असं नाही. त्यामुळं प्रोग्रामच्या आतच मोनोटॉनिक (कधी मागं न जाणारं) घड्याळ लावून प्रत्येक फंक्शनमधे खरा किती वेळ गेला ते जमा करा आणि शेवटी छापा. प्रोफायलरच्या टक्क्याची तुलना या आकड्याशी करायची, कागदावरच्या ७५ शी नाही.

लूपचं उत्तर कुठंतरी वापरा, निदान प्रिंट तरी करा, नाहीतर ऑप्टिमायझर म्हणतो याचा उपयोगच नाही आणि सगळं लूप उडवतो. अजून एक म्हणजे इनलायनिंग. छोटं फंक्शन कंपायलर सरळ कॉलरच्या पोटात घालतो, मग खानापूरचा वेळ बाहेरच्या फंक्शनच्या नावावर दिसतो आणि तुम्ही प्रोफायलरला शिव्या घालता. व्हीएट या नोडच्या जावास्क्रिप्ट इंजिनमधे टर्बोफॅन या ऑप्टिमाइझ करणाऱ्या कंपायलरचं इनलायनिंग बंद करायचा फ्लॅग आहे, पहिल्या टेस्टला तो लावा. दुसऱ्या टेस्टला मुद्दाम काढा आणि बघा तुमचा प्रोफायलर इनलाइन झालेलं फंक्शन वेगळं दाखवतो का. मॅप फाइलमधे ती माहितीच नसते, त्यामुळं तिथनं ती अपेक्षा ठेवू नका.

किती फरक चालेल? सॅम्पलिंग म्हटलं की थोडं इकडंतिकडं होणारच, पण किती याचा हिशोब आहे. खरा वाटा ७५ टक्के आणि सॅम्पल १००० असतील तर स्टँडर्ड एरर साधारण १.४ टक्के येतो, तिप्पट सोडला तरी साधारण ४ टक्क्याच्या आत बसायला पाहिजे. वीस सेकंदात ९९७ च्या वेगानं जवळजवळ २०,००० सॅम्पल मिळतात, तेव्हा तोच तिप्पट एरर १ टक्क्याच्या आत येतो. म्हणजे प्रोफायलरनं ७१ सांगितलं तर १००० सॅम्पलच्या रनमधे ठीक आहे, २०,००० च्या रनमधे ती चूक आहे. "जवळपास बरोबर आलंय की" हे वाक्य टेस्टमधे चालत नाही.

आधी सपोर्ट बंद ठेवून चालवा

ही पायरी सगळे गाळतात. कुठलाही जिट फ्लॅग न देता प्रोग्राम चालवा, पर्फ रेकॉर्ड करा, रिपोर्ट बघा. निपाणी-खानापूर ही नावं दिसायला नकोत, जिट म्हणून लिहिलेल्या ओळींमधे नुसते हेक्स पत्ते दिसायला पाहिजेत. नावं दिसली तर काहीतरी गडबड आहे, बहुतेक जुनी मॅप फाइल पडून आहे. नोडमधे एक फसवी गोष्ट अशी की बिल्टिन्सनं सुरू होणारी बरीच नावं फ्लॅगशिवायही दिसतात. ती नोडच्या स्वतःच्या बायनरीत आधीच बसवलेली असतात, जिट सपोर्टशी त्यांचा संबंध नाही. ती बघून कुणी "चालतंय गा" म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

मॅप फाइल हातानं तपासा

आता नोडला पर्फ-बेसिक-प्रॉफ फ्लॅग देऊन तोच प्रोग्राम चालवा. टीएमपीमधली फाइल उघडा, निपाणी शोधा. एकापेक्षा जास्त ओळी सापडतील, आणि ते बरोबरच आहे, एकच फंक्शन वेगवेगळ्या पातळीला वेगळ्या पत्त्यावर कंपाइल होतं. नावाच्या आधीच्या खुणेवरनं पातळी कळते: टिल्ड म्हणजे इंटरप्रिटर, टोपी म्हणजे स्पार्कप्लग हा बेसलाइन कंपायलर, अधिकचं चिन्ह म्हणजे मॅग्लेव्ह हा मधला कंपायलर, तारा म्हणजे टर्बोफॅन. वीस सेकंदाच्या रनमधे बहुतेक सॅम्पल ताऱ्याच्या ओळीवर पडायला पाहिजेत. तुमचा प्रोफायलर सगळ्या पातळ्या एकत्र करून दाखवत असेल तर हरकत नाही, पण बेरीज जुळली पाहिजे.

मग पर्फ स्क्रिप्टनं कच्चे सॅम्पल काढा आणि दहापंधरा पत्ते स्वतः मॅपमधे शोधा. कंटाळवाणं काम आहे, एकदाच करायचं. इथं सीमेची टेस्ट करून टाका. समजा ओळीत पत्ता ४१००० आणि साइज १८० आहे, दोन्ही हेक्स. ४११७० हा पत्ता आत येतो, ४११८० बाहेर. तुमचा पार्सर ४११८० ला आत घेत असेल तर शेजारच्या फंक्शनचं पहिलं इन्स्ट्रक्शन चोरतोय.

स्वतःचा रनटाइम किंवा एजंट लिहिणाऱ्यांनी इथं विशेष लक्ष द्या. पत्ता आणि साइज दोन्ही हेक्समधेच पाहिजेत, आकड्याच्या आधी शून्य-एक्स न लावता. साइज चुकून दशमानात लिहिली तर एररच येत नाही, नुसता गोंधळ होतो. ३८४ बाइटचं फंक्शन आहे, हेक्समधे १८० लिहायला पाहिजे होतं, तुम्ही ३८४ लिहिलं, पर्फनं ते हेक्स समजून ९०० बाइट धरले. फंक्शन दुपटीहून मोठं झालं आणि शेजाऱ्यांचे पत्तेही त्याच्या हद्दीत आले. रिपोर्टमधे नावं छान दिसतात, टक्के साफ चुकीचे.

फाइलचा मालक कोण तेही बघा. मॅप फाइल चालू यूजरची किंवा रूटची नसेल तर पर्फ ती वाचत नाही, तसा मेसेज देऊन सोडून देतो, फोर्स करायचा ऑप्शन आहे. सर्व्हिस एका यूजरनं चालवायची आणि रिपोर्ट दुसऱ्यानं काढायचा अशी सवय असेल तर हमखास इथं अडकता. कंटेनरमधे अजून एक पेच, आतला पीआयडी वेगळा आणि बाहेरचा वेगळा, फाइलच्या नावात आतला असतो. नवीन पर्फ कंटेनरच्या नेमस्पेसमधे शिरून शोधतो, पण तुमचा प्रोफायलर शोधतो का ते कंटेनरमधे चालवूनच बघा.

शिळ्या फाइलची टेस्ट सोपी आहे. टीएमपीमधे भविष्यातल्या पीआयडीच्या नावानं खोटी मॅप फाइल करून ठेवा, त्यात एक बिनकामाचं नाव घाला, मग तो पीआयडी मिळेपर्यंत प्रोसेस सुरू करत जा किंवा कंटेनरमधे करा, तिथं पीआयडी छोटे आणि ठरलेले असतात. रिपोर्टमधे ते नाव उगवलं तर तुमचा प्रोफायलर फाइलची तारीख न बघता विश्वास ठेवतोय.

वेळेची टेस्ट, जिथं बहुतेक प्रोफायलर नापास होतात

जिटनं तयार केलेला कोड कायमचा नसतो. फंक्शनची गरज संपली की गार्बेज कलेक्टर ती जागा मोकळी करतो आणि तिथंच दुसरं फंक्शन येऊन बसतं. टिळकवाडीतली भाड्याची खोली समजा, पत्ता तोच, भाडेकरू वर्षात तीनदा बदलला, आणि पोस्टमनकडच्या यादीवर तारखाच नाहीत. मॅप फाइलवाला प्रोफायलर हा तो पोस्टमन.

हे पकडायचं कसं? प्रोग्रामनं चालू असतानाच नवीन फंक्शनं तयार करायची, प्रत्येकाचं नाव वेगळं, प्रत्येकाला अर्धा सेकंद फिरवायचं, मग त्याचा रेफरन्स सोडून कलेक्टर मुद्दाम बोलवायचा. नोडमधे त्यासाठी एक्स्पोज-जीसी फ्लॅग आहे. प्रत्येक फंक्शन कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते मोनोटॉनिक घड्याळानं लॉगमधे लिहायचं. रेकॉर्ड करताना पर्फला -के मोनो द्यायचं म्हणजे सॅम्पलही त्याच घड्याळावर येतात. नंतर छोटी स्क्रिप्ट लिहून दर सॅम्पलची वेळ बघायची, त्या वेळी लॉगप्रमाणं कुठलं फंक्शन चालू होतं आणि प्रोफायलरनं कुठलं नाव सांगितलं. सॅम्पलचा टाइमस्टॅम्प नॅनोसेकंदात छापायचा ऑप्शन आहे, तो वापरा.

मला विचाराल तर सगळा लेख सोडून एकच टेस्ट करायची असेल तर ही करा. टक्क्यांची टेस्ट नशिबानं पास होऊ शकते, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. सॅम्पलगणिक तुलना केली की लपायला जागाच उरत नाही. मॅप फाइलवर यात चुकीची नावं निघाली तर आश्चर्य नाही, ती त्या पद्धतीचीच मर्यादा आहे, पण तुमच्या प्रोफायलरच्या डॉक्युमेंटमधे तसं लिहिलेलं पाहिजे.

जिटडंप

नोडला पर्फ-प्रॉफ फ्लॅग द्या, पर्फ रेकॉर्ड -के मोनोनं करा, मग पर्फ इंजेक्ट --जिट चालवून नवीन डेटा फाइल काढा आणि रिपोर्ट त्या नवीन फाइलवर घ्या. मधली इंजेक्टची पायरी विसरून जुन्याच फाइलवर रिपोर्ट काढणारे भरपूर आहेत. इंजेक्ट झाल्यावर दर फंक्शनमागं एक छोटी एसओ (शेअर्ड लायब्ररी) फाइल तयार झालेली दिसते, ती दिसली की कोड खरंच उचलला गेलाय असं समजा, आणि मग पर्फ ॲनोटेटमधे असेम्ब्लीसुद्धा बघता येते.

काहीच नाव आलं नाही तर दोन संशयित. पहिला घड्याळ. -के मोनो द्यायचं राहिलं की पर्फ आणि रनटाइम दोघांच्या वेळा जुळत नाहीत. टेस्ट म्हणून हे मुद्दाम विसरा आणि बघा तुमचं टूल स्पष्ट सांगतं की गप्प बसून रिकामा रिपोर्ट देतं. दुसरा संशयित नोएक्झेक, म्हणजे त्या फोल्डरमधलं काही चालवायला बंदी घालणारी माउंट सेटिंग. रनटाइम डंप फाइल एक्झिक्युटेबल म्हणून मेमरीत मॅप करतो, कोड चालवायला नव्हे, तर पर्फच्या नोंदीत "इथं डंप फाइल आहे" अशी खूण पडावी म्हणून. फोल्डर नोएक्झेकनं माउंट केलेला असेल तर ते मॅपिंग फेल होतं, खूण पडत नाही, फाइल मात्र डिस्कवर साबूत दिसते. कॉलेजच्या लॅबमधे किंवा कडक सर्व्हरवर हा प्रकार आला तर तासन्तास डोकं खाजवाल.

स्वतः डंप लिहीत किंवा वाचत असाल तर हेडर ४० बाइटचा आहे, पहिले चार बाइट मॅजिक नंबर, त्यावरनं फाइलमधला बाइटचा क्रम लिटल-एंडियन की बिग-एंडियन ते ठरतं. पुढं रेकॉर्ड येतात, कोड लोड, कोड मूव्ह, डीबग इन्फो, क्लोज आणि अनवाइंडिंग इन्फो. डीबग इन्फोचा रेकॉर्ड त्या फंक्शनच्या लोडच्या आधी यायला पाहिजे. प्रोसेस मधेच किल -९ नं मारून बघा. शेवटचा रेकॉर्ड अर्धवट राहू शकतो, त्यावर वाचणारं टूल क्रॅश व्हायला नको, आधीचे रेकॉर्ड तरी दाखवले पाहिजेत. फोर्क करून मुलाची प्रोसेसही तपासा.

स्टॅक पुरा येतो का

स्टॅक म्हणजे कुणी कुणाला बोलावलं याची साखळी, तिच्यातली दर कडी म्हणजे एक फ्रेम. एक फंक्शन स्वतःलाच ठराविक वेळा बोलावेल असं लिहा, समजा ४० पातळ्या, आणि तळाला लूप. कॉलग्राफमधे ४० फ्रेम मोजा. कमी आल्या तर एका फ्रेमवरनं मागच्या फ्रेमकडं नेणारे फ्रेम पॉइंटर गहाळ आहेत. जावात त्यासाठी प्रिझर्व्ह-फ्रेम-पॉइंटर हा जेव्हीएम फ्लॅग लागतो, आणि जेडीके १७ पासून जेसीएमडी या टूलनं मॅप फाइलही काढता येते. मग २०० पातळ्या करून बघा. पर्फची मर्यादा मुळात १२७ फ्रेमची आहे, तिथं तुटलं तर ते बरोबर वागणं आहे, चूक नव्हे. ड्वार्फ पद्धत (फ्रेम पॉइंटरऐवजी डीबग माहितीवरनं स्टॅक उलगडायची) वापरलीत तर दर सॅम्पलला स्टॅकचे ८१९२ बाइटच उचलले जातात, मोठ्या फ्रेम असल्या की त्याच्याही आधी तुटतं. अगदी थोड्या सॅम्पलमधे तळाच्या फंक्शनचा कॉलर गायब दिसेल. फंक्शनच्या पहिल्या एकदोन इन्स्ट्रक्शनमधे फ्रेम अजून उभी राहिलेली नसते, त्यामुळं शंभर टक्के अचूकतेची अट घालू नका.

पायथनवाल्यांसाठी, ३.१२ पासून -एक्स पर्फ आहे. तो खरा जिट नाही, पण दर फंक्शनला छोटा ट्रॅम्पोलिन (फंक्शनकडं नेणारा मशीन कोडचा तुकडा) तयार करून त्याच मॅप फाइलच्या रस्त्यानं नाव सांगतो, नावाच्या आधी पीवाय लागतं. पायथन फ्रेम पॉइंटर ठेवून बांधलेला पाहिजे. तसा नसेल तर ३.१३ मधला -एक्स पर्फ-जिट जिटडंपच्या रस्त्यानं जातो, त्याला ड्वार्फ लागतं. डॉटनेटला पर्फ-मॅप-एनेबल्ड नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, १ केलं की मॅप येतो.

नावांची परीक्षा

फंक्शनना निपाणी, खानापूर ही नावं देवनागरीतच देऊन बघा, एखादं कन्नड लिपीतही घाला, जावास्क्रिप्ट आणि पायथन दोन्हीला चालतं. आमच्याकडं पाट्या दोन लिपीत असतात, कोडमधेही ते कधीतरी होणार. यूटीएफ-८ मधे देवनागरीचं दर अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, निपाणी हे सहा चिन्हांचं नाव १८ बाइट होतं. कुणी नाव ठराविक बाइटवर कापत असेल तर मधेच तुटून शेवटी चौकोन-प्रश्नचिन्ह दिसतं. रिपोर्टचे कॉलम वाकडे झाले तर ती फक्त दिसण्याची अडचण, पण नावंच एकत्र झाली किंवा गळली तर बग. नावात स्पेस घाला, मॅपच्या ओळीत साइजनंतरचं सगळं नावच असतं, पहिल्या स्पेसला तोडणारा पार्सर इथं पकडला जातो. खूप लांब नाव, बिननावाचं फंक्शन, दोन फाइलमधे तेच नाव, हेही एकेकदा करून घ्या.

ओव्हरहेड थोडक्यात: फ्लॅग लावून आणि न लावता तोच प्रोग्राम चालवा, वेळ आणि फाइलची साइज नोंदवा. डंपमधे प्रत्यक्ष कोड असल्यानं तो मॅपपेक्षा बराच फुगतो, दिवसभर चालणाऱ्या सर्व्हरवर टीएमपी भरून जायची भीती असते.

स्क्रिप्ट करा आणि मग ती मोडून बघा

हे सगळं एका स्क्रिप्टमधे बांधा, कर्नल, पर्फ आणि रनटाइमची व्हर्जन दर रिझल्टसोबत छापा, कारण यातलं एकही बदललं की वागणं बदलतं. सीआयमधे (दर बदलाला टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) सीपीयू-क्लॉक ठेवा. आणि स्क्रिप्ट हिरवी झाली की रन संपल्यावर मॅप फाइलमधे निपाणी आणि खानापूर या नावांची अदलाबदल करा, हवं तर सेड या टेक्स्ट बदलायच्या कमांडनं. पर्फ मॅप फाइल रिपोर्ट काढताना वाचतो, त्यामुळं पुन्हा रेकॉर्ड करायची गरज नाही, त्याच डेटावर तपासणी पुन्हा लावा. टक्के उलटे येऊन टेस्ट लाल झाली पाहिजे. नाही झाली तर तुमची स्क्रिप्ट नुसतं नाव आहे का एवढंच बघतेय, टक्के बघतच नाही. तीच गोष्ट साइज दुप्पट करून करा, आणि तिसऱ्या वेळी फाइलच उडवून.